रिकाम्या पोटी

३ फेब्रुवारी

वन्सं,

नमस्कार. तुमचं पार्सल मंगळवारी पोचलं. प्रोटीन पावडरचे दोन डबे, लोहाच्या टॉनिकच्या तीन बाटल्या आणि शेंगदाण्यांची पिशवी. शेंगदाणे ठेवून घेतलेत, ते मी खाईन. बाकीचं परत पाठवतेय. राग मानू नका असं लिहिणार होते, पण राग तर येणारच, तेव्हा मानाच.

फोनवर सांगण्यात अर्थ नव्हता. मागच्या वेळी मी "प्रोटीन नको" म्हटलं तर तुम्हाला "पोटीस" ऐकू आलं आणि तुम्ही पाव तास मला जवसाचं पोटीस कसं बांधायचं ते समजावत बसलात. म्हणून कागदावर लिहितेय. सावकाश वाचा.

तुमच्या दादांना कंपवात होऊन सहा वर्षं झाली. सहा वर्षं डॉक्टर एकच सांगत आले, गोळी वेळेवर घ्या. कशाबरोबर घ्या आणि कशाबरोबर नको, हे कुणी सांगितलं नाही. रिकाम्या पोटी औषध घेऊ नये हे आपण जन्मभर ऐकलेलं, म्हणून मी सकाळची गोळी कपभर दूध आणि दोन अंड्यांबरोबर देत आले. गोळी कधी लागू पडायची, कधी नाही. नाही पडली की हे दारात पाय चिकटल्यासारखे उभे राहायचे. डॉक्टर म्हणायचे, आजार वाढतोय, डोस वाढवू. दोनदा वाढवला. मागच्या वर्षी हे भर बाजारात असे थिजले, तर एका माणसाने मला बाजूला घेऊन सांगितलं, "बाई, सकाळी सकाळी पिऊ देत जाऊ नका यांना."

डिसेंबरात औषधांच्या दुकानातल्या मुलीने सहज विचारलं, "काकू, काका गोळी कशाबरोबर घेतात?" मी दूध म्हटलं. तिने कपाळावर हात मारला नाही, पण मारल्यासारखं तोंड केलं. मग एका चिठ्ठीच्या पाठीवर चित्र काढून दाखवलं. आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत शिरायला या गोळीला जे दार आहे, तेच दार दूध, अंडी, मांस, डाळी यांच्यातल्या प्रोटीनला. ती गर्दी आधी घुसली की गोळी बाहेर ताटकळते. लोहाचं तर आणखी वेगळं, ते गोळीला पोटातच धरून बसतं. कुठल्याही गोळीच्या आसपास लोह नको, निदान दोन तासांचं अंतर हवं.

मी दुसऱ्या दिवसापासून गोळी नुसत्या पाण्याबरोबर द्यायला लागले आणि जेवण तासाने. चौथ्या दिवशी हे घरून खाली आपल्या काचेच्या दुकानात उतरले. अकरा पायऱ्या, माझा हात न धरता. एका बाईला खिडकीची काच हवी होती. यांनी मोजली, काच कापायची हिरकणी फिरवली, खालून टिचकी मारली आणि काच सरळ रेषेत तुटली. सहा महिन्यांत पहिल्यांदा. मी गल्ल्यामागे तोंड फिरवून उभी राहिले.

तेव्हा आता घरात दूध, अंडी, मांस, डाळ काही आणत नाही. भात, बटाटे, भाज्या, फळं. यांची तक्रार नाही.

तुमची,
वहिनी


१२ फेब्रुवारी

वहिनी,

डबे परत आले. टपालवाल्याने विचारलं, "पत्ता चुकला होता का?" मी म्हटलं, हो, चुकलाच म्हणायचा.

नर्सांच्या वसतिगृहात मी एकतीस वर्षं स्वयंपाकघर सांभाळलं. रोज दोनशे ताटं. कावीळ झालेल्या मुली, रक्त कमी असलेल्या, प्रेमभंग झालेल्या, सगळ्यांना मी खाऊ घालून उभं केलंय. तुझ्या औषधाच्या दुकानातल्या पोरीने चिठ्ठीवर चित्र काढलं, म्हणून माझ्या भावाच्या ताटातलं अंडं गेलं? माणूस खाण्याने मरत नाही गं, न खाण्याने मरतो.

नव्या वर्षाचा जो फोटो तू पाठवलास, तो मी भिंग घेऊन पाहिला. दादाच्या सदऱ्याची गळपट्टी मानेभोवती कशी फिरतेय बघ. त्यात अजून एक मान मावेल. लहानपणी आई त्याला "ढोल्या" म्हणायची. ढोल्या कुठे गेला?

दादाची तक्रार नाही म्हणतेस. त्याची तक्रार कधी होती? आठवीत असताना त्याच्या बुटात खिळा वर आला होता, तर तो आठ दिवस पाय वाकडा टाकत शाळेत गेला, पण बोलला नाही. तो तक्रार करत नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं चाळीस वर्षांनंतरही तुला वाटतं?

मला फक्त एक आकडा कळव. त्याचं वजन किती आहे?

तुझी,
नणंद


२ मार्च

वन्सं,

पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, कारण माझ्या पोटात दुखत होतं आणि मी ते पंधरा दिवस अंगावर काढलं. पित्ताशयात खडे निघाले. १४ तारखेला ऑपरेशन आहे. चार दिवसांत घरी सोडू म्हणतात, पण पुढे आठ दिवस मला भांडंही उचलायचं नाही.

आम्हाला दुसरं कोण आहे? तुम्ही याल का?

येणार असाल तर सोबतचा कागद आधी वाचा. गोळीच्या वेळा लाल शाईने लिहिल्यात. सात, अकरा, तीन, सात. गोळी नुसत्या पाण्याबरोबर. मळमळलं तर एखादं कोरडं बिस्किट, दुधात बुडवलेलं नाही. गोळीआधी दीड तास आणि नंतर तासभर जेवण नाही. हा कागद फ्रिजच्या दारावर लावा आणि कृपा करून त्यावर तुमचं काही चालवू नका. मी इतके हात जोडून कधी बोलत नाही, तुम्हाला माहीत आहे.

वजनाचं तुम्ही आलात की बोलू.

वहिनी


२९ मार्च

वन्सं,

तुम्ही मी घरी आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने निघून गेलात. मी झोपलेली होते. उठवलंही नाहीत.

काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांत कळलं, तेही परक्या माणसांकडून. मला चार दिवसांनी सोडणार होते, ताप आला म्हणून दहा दिवस ठेवलं. आठव्या दिवशी सलाईन बदलणारी नर्स म्हणाली, "मावशी, तुमचेच यजमान ना ते? खाली आणलेत काल." मी तिसऱ्या मजल्यावर पोटाला टाके घालून, आणि हे तळमजल्यावर कपाळाला टाके घालून. मधले दोन मजले मला कुणी उतरू देईना. तुम्ही वर आलात, पाच मिनिटं बसलात आणि "पडलाय जरा" एवढंच सांगितलंत.

जरा? यांना उलट्या होत होत्या म्हणून तिथल्या नवीन डॉक्टरने उलटी थांबवायचं इंजेक्शन दिलं. कंपवात आहे हे यांच्या कागदावर लिहिलेलं होतं, त्याने वाचलं नाही. उलटीवरची सगळी औषधं वाईट नसतात, पण हे होतं. ज्या कामासाठी आपण दिवसातून चार गोळ्या देतो, नेमकं तेच काम ते बंद पाडतं. दोन दिवस हे लाकडासारखे पडून होते. डोळ्यांची उघडझापसुद्धा मोजून होत होती. तिसऱ्या दिवशी मला चाकाच्या खुर्चीतून खाली नेलं, तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी पाहिलं आणि त्या पोराला माझ्या देखत झापलं. मला त्याचा आनंद झाला नाही. मी इतकी दमले होते की मला कसलाच आनंद झाला नाही.

आणि उलट्या कशाने झाल्या? घरी आल्यावर कचऱ्याच्या डब्यामागे सहा-सहा अंड्यांचे तीन रिकामे ट्रे मिळाले. दुधाच्या पिशव्या धुऊन, घड्या घालून, रबर लावून ठेवलेल्या. तुमचीच शिस्त. फ्रिजच्या दारावर माझा कागद जसाच्या तसा होता, चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी लावलेली.

मला बाकी काही ऐकायचं नाही. कागद वाचला होतात की नाही, एवढंच सांगा.

वहिनी


५ एप्रिल

वहिनी,

वाचला होता. अंडी मीच दिली. दूधही.

दादाला किराणा दुकानातल्या धान्याच्या काट्यावर उभं केलं होतं. सत्तेचाळीस किलो. हा आकडा तुला माहीत होता, म्हणूनच तू लिहिला नाहीस. मी त्याची पाठ पुसली तेव्हा मणके मोजता येत होते.

झालं ते माझ्यामुळे झालं. मला यापुढे काही सांगायचं नाही.

नणंद


१९ एप्रिल

प्रिय छोटे,

अक्षर बारीक आहे, भिंग घे. मी मोठं लिहायला सुरुवात करतो आणि ओळ संपेपर्यंत ते आपोआप मुंगीएवढं होतं. हे पत्र चार दिवस चाललंय. गोळी लागली की दहा-बारा ओळी होतात, मग हात बंद पडतो आणि मी पेन खाली ठेवतो.

तुझं शेवटचं पत्र हिने मला वाचून दाखवलं. वाचताना तिचा आवाज पाटीवर खडू ओढल्यासारखा होता. मी ऐकून घेतलं आणि गप्प बसलो. तू माझं पाप आपल्या डोक्यावर घेतलंस आणि मी ते घेऊ दिलं. मला सत्तरीत ही सवय नाही चालायची.

तेव्हा खरं काय ते लिहितो. तू आलीस त्या दिवशी तू कागद वाचलास, चष्मा पुसून पुन्हा वाचलास, आणि मला बटाट्याचं सूप दिलंस. तीन दिवस तू तो कागद काटेकोर पाळलास. चौथ्या दिवशी मी तुला सांगितलं की डॉक्टरांनी नियम बदललाय, आता सगळं चालतं, वहिनीला अजून कळलेलं नाही. तू माझ्या तोंडाकडे बघितलंस. तुला ते खोटं आहे हे कळलं होतं. लहानपणीसुद्धा कळायचं. पण तू जाऊन अंडी आणलीस.

मला भूक लागते हे कारण नाही, म्हणजे फक्त तेच नाही. भूक सहन होते. सहन होत नाही ते हे की माझ्या तोंडात जाणारा प्रत्येक घास आधी घड्याळाला विचारून जातो. ही चमचा हातात घेऊन घड्याळाखाली उभी असते. अजून सात मिनिटं. अजून चार. भात थंड होतो. मी सगळा दिवस जेवणाची वाट बघतो आणि जेवण असतं भात-बटाटा. मी तिला दोष देत नाही. ती माझ्या पायांसाठी करते. पण पायांना बोलता येत असतं ना, तर त्यांनीही विचारलं असतं की आम्ही चालून जायचं तरी कुठे.

मी ठरवलं होतं की ही घरी येईपर्यंत मी माणसासारखं खाईन, आणि बदल्यात दुपारी खुर्चीत बंद पडून राहीन. सौदा मला मान्य होता. तू लोणी लावलेला टोस्ट आणि तीन अंड्यांचं ऑम्लेट समोर ठेवायचीस आणि मी गरम खायचो. पाच दिवस मी फार सुखात होतो, छोटे.

चूक पुढे झाली. त्या दिवशी अकराची गोळी लागली नाही. मला संडासला जायचं होतं आणि पाय उचलेनात. म्हणून तुला न सांगता खिशातल्या डबीतली आणखी एक गोळी घेतली. थोड्या वेळाने आणखी एक. मग मळमळायला लागलं, उलटी झाली, आणि मी संडासच्या दारात अडकलो. मी कुणाला हाक मारली नाही. पुढे मी पडलो.

यात तुझी चूक कुठे आहे ते मला दाखव.

पत्र टपालात टाकायला हिच्याकडेच द्यावं लागेल. पाकिटाची कड चिकटवणं माझ्या बोटांना जमत नाही, तेव्हा ते उघडंच राहील. बघू.

दादा


२१ एप्रिल

वन्सं,

पाकीट त्यांनी माझ्या हातात उघडं दिलं आणि खिडकीबाहेर बघत बसले. मी स्वयंपाकघरात जाऊन वाचलं. दोनदा. मग बाहेर आले आणि विचारलं, "मला तोंडाने सांगता आलं नसतं?" तर म्हणाले, "तू घड्याळ बघत होतीस."

आधी मी चिडले. घरभर कपाटांची दारं आपटली. टाके पुरते भरलेले नाहीत, तरी आपटली. पायांनी जायचं तरी कुठे, म्हणे. मी रोज पहाटे उठून ज्या पायांसाठी धावतेय, त्यांनी जायचं कुठे.

मग संध्याकाळी दुकान बंद करताना त्या प्रश्नाचं उत्तर मला आलं, आणि ते मला आवडलं नाही. ते पाय मला दुकानात हवे होते. माझ्यासाठी. यांनी डिसेंबरात ती एक काच कापली ना, तेव्हापासून मला त्या दोन तासांची चटक लागली. गोळीला जितकी वाट मोकळी करून देईन तितका माझा नवरा मला जास्त वेळ मिळेल, असा हिशोब मी मांडला. त्या मुलीने मला गोळी आणि प्रोटीन लांब ठेवा एवढंच सांगितलं होतं. बंद करा असं ती म्हणाली नव्हती. बंद मी केलं. काटा खाली जाताना दिसत होता. बावन्न, पन्नास, अठ्ठेचाळीस. मी वजनकाटा पलंगाखाली ढकलून दिला. तुम्ही आकडा विचारलात तेव्हा मला तुमचा फार राग आला होता. कारण तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलं होतंत.

काल यांना घेऊन दवाखान्यातल्या आहारवाल्या बाईंकडे गेले. तिथेही आधी अडीच तास बाकावर. बाकावर बसल्या बसल्याच तीनची गोळी द्यावी लागली, आणि प्यायच्या पाण्याच्या यंत्रात पाणी नव्हतं. पण बाई शहाण्या निघाल्या. वजनाचा आकडा पाहून त्यांनी मला रागावलं, आणि सहा वर्षांत यांना इथे न पाठवल्याबद्दल डॉक्टरांनाही, ते नसताना.

त्या म्हणाल्या, प्रोटीन तोडायचं नाही, हलवायचं. दिवसभर हलकं, आणि रात्रीच्या जेवणात दिवसाचं सगळं. सातची गोळी घेऊन तास गेला की जेवण. लोहाची गरज आहे का ते रक्त तपासून ठरवू, लागलंच तर गोळ्यांपासून लांबची वेळ बघू. खिशात जादा गोळ्यांची डबी ठेवायची नाही. हे सगळ्यांना जमतंच असं नाही म्हणाल्या, महिनाभर करून बघू आणि पुन्हा या.

म्हणजे संध्याकाळी आठनंतर हे बंद पडणार. रोज. ते धरूनच आम्हाला आता जेवायला बसायचंय.

वन्सं, मला भात-बटाटा येतो. एका ताटात दिवसभराची ताकद, तीही गिळायला मऊ, हे मला येत नाही. तुम्हाला येतं. तुम्ही मला शिकवाल का? मी तुम्हाला जे लिहिलं त्यानंतर हे विचारताना मला लाज वाटतेय. पण लाजेने यांचं वजन वाढणार नाही.

वहिनी


२ मे

वहिनी,

आधी काम. मग बाकीचं.

मऊ म्हणजे पातळ नव्हे. पातळ केलंस की पोट भरतं आणि आत काही जात नाही. वसतिगृहात टॉन्सिल काढलेल्या मुलींना मी करायचे ते सांगते. बटाटा उकडून कुसकर, त्यात पाण्याऐवजी दूध घाल, गरम असतानाच एक अंडं फेटून मिसळ आणि मंद आचेवर ढवळ. खाणाऱ्याला बटाटाच वाटतो. कोंबडी शिजवून तिचे धागे काढ आणि तिच्याच रसात भिजत ठेव, कोरडी देऊ नकोस, घशात अडकेल. दही फडक्यात बांधून ठेव, घट्ट झालं की वरून मध. ताट एकदम भरू नकोस. भरलेलं ताट बघून आजारी माणूस आधीच हरतो. निम्मं वाढ आणि निम्मं झाकून ठेव, आणि झाकलेलं त्याला दिसू देऊ नकोस. आणि वहिनी, दिवसाच्या भातावर तेल किंवा लोणी घाल थोडं, फार नको. ते प्रोटीन नव्हे. तू भीतीपोटी तेही तोडलं असणार, मला ठाऊक आहे. ही सगळी यादी त्या आहारवाल्या बाईंना दाखव. त्या नको म्हणतील ते काढ. माझ्यापेक्षा त्यांना जास्त कळतं, असं मी माझ्या आयुष्यात पहिल्यांदा लिहितेय.

आता बाकीचं.

दादाने लिहिलंय की यात तुझी चूक दाखव. दाखवते. त्याने लिहिलंय की त्याने हाक मारली नाही. त्याने मारली होती. तुमच्या खालच्या शिंपिणीने मला रुग्णवाहिकेत सांगितलं. तिच्या खिडकीत तीनदा ऐकू आलं, "छोटे, छोटे, छोटे." त्याचा आवाज आता इतका बारीक झालाय, तरी मजला ओलांडून तिला ऐकू गेला आणि ती शिवण टाकून वर धावत आली. मी स्वयंपाकघरात होते. संडासच्या दारापासून चार पावलांवर, पाठ करून, त्याच्यासाठी अंडी फेटत. ती येऊन माझ्या खांद्याला हात लावेपर्यंत मला काही कळलं नाही. तेव्हा तो खाली पडलेला होता आणि भिंतीवर रक्त होतं.

तू अंड्यांवरून मला विचारलंस तेव्हा मला बरं वाटलं, खरं सांगते. अंड्यांची चूक मला सोसवत होती. ती कबूल केली की दुसरी कुणी विचारणार नव्हतं. म्हणून मी तुला न उठवता पळाले. तू उठली असतीस तर मला म्हणाली असतीस, "वन्सं, बसा", आणि मी सांगून टाकलं असतं.

कानाचं यंत्र घे असं तू मला आठ वर्षं सांगतेयस. मी म्हणायचे, म्हाताऱ्या बायका लावतात. गेल्या गुरुवारी घेतलं. अख्खं जग भांडी घासतंय असं वाटतं. माझा स्वतःचा घास चावल्याचा आवाज मला येतो, आणि तो मला मुळीच आवडत नाही. पण काल दुपारी शेजारच्या घरात कुणीतरी कुणाला तरी हाक मारली, तर मी खुर्चीतून उठून उभी राहिले.

दादाला सांग, मला त्याच्या खोट्याचा उपयोग नाही. त्याने हाक मारली होती आणि मी आले नाही, हे त्याने मला तोंडावर म्हणावं. मग मी येते.

तुझी,
नणंद


१४ जुलै

वन्सं,

परवा फोनवर तुम्ही यांच्याशी अर्धा तास बोललात. दार लावून घेतलं होतं, म्हणून काय बोललात ते मला माहीत नाही आणि विचारलंही नाही. बाहेर आल्यावर यांचे डोळे लाल होते आणि ते म्हणाले, "ती ऑगस्टात येतेय, वरच्या खोलीला रंग द्यायला हवा." तर रंगारी सांगितलाय.

आता तुम्हाला फोनवर ऐकू येतं, तेव्हा पत्राची तशी गरज नाही. पण मला काही गोष्टी तोंडाने सांगता येत नाहीत. हे घरच तसं आहे.

वजन एक्कावन्न. बाई खूश आहेत. रक्तात लोह पुरेसं निघालं, त्यामुळे टॉनिकचा प्रश्न मिटला. त्या नवीन डॉक्टरबद्दल मी लेखी तक्रार केली होती, तिला "नोंद घेतली आहे" असं दीड ओळीचं उत्तर आलं. यांच्या फायलीवर मी स्वतः लाल पेनने लिहून ठेवलंय, उलटीवरचं कुठलं औषध चालत नाही ते. आता फाईल उघडणाऱ्याला ते दिसलं नाही तर तो आंधळाच.

सकाळी बरं चालतं. रोज नाही. आठवड्यातले चार दिवस हे दुकानात उतरतात, दोन दिवस मध्येच जिन्यावर बसून राहतात, एक दिवस कशानेच काही होत नाही आणि का नाही ते कुणालाच सांगता येत नाही. त्या एका दिवशी मी अजूनही काल काय खाल्लं, किती वाजता खाल्लं ते उगाळत बसते. बाई म्हणाल्या, प्रत्येक वेळी कारण सापडणार नाही, आजारालाही स्वतःची मर्जी असते. मला ते ऐकून जास्तच राग येतो. चुकीचं काही केलेलं असतं तर ते दुरुस्त तरी करता येतं.

घड्याळ मी स्वयंपाकघरातून काढून बाहेर लावलंय. गोळीच्या वेळी फोन वाजतो. जेवताना वाजत नाही.

काल रात्रीचं जेवण तुमच्या पद्धतीचं केलं होतं. बटाट्यातलं अंडं, कोंबडी, दही. हे सगळं जेवले, आणि मग म्हणाले, "अजून एक अंडं आहे का?" मी म्हटलं, "आहे, पण मग आज उठणं कठीण होईल." म्हणाले, "होऊ दे." दिलं.

पाऊण तासाने व्हायचं तेच झालं. खुर्चीतून उठवलं, चार पावलं टाकली आणि स्वयंपाकघराच्या दारात यांचे पाय जमिनीला चिकटले. पलंग तिथून चौदा पावलं, मी मोजलीत. एरवी करते तसं सगळं केलं. एक-दोन म्हटलं, यांच्या पुढे माझा पाय आडवा ठेवून "हा ओलांडा" म्हटलं, फरशीची रेघ दाखवली. काही नाही. हे चौकट धरून उभे आणि मी यांची कंबर धरून. पंधरा मिनिटं गेली. माझे हात भरून आले, पोटाचा व्रण खेचायला लागला. आणि वन्सं, मला एकदम इतका वैताग आला, यांचा, गोळीचा, त्या जास्तीच्या अंड्याचा, चाळीस वर्षांचा, की मला ओरडावंसं वाटलं. मी ओरडले नाही. मी म्हटलं, "मला आता होत नाही." आणि रडायला लागले. उभ्या उभ्या, यांना धरून.

यांनी मान वळवायचा प्रयत्न केला. वळली नाही. समोर भिंतीकडे बघतच, त्या बारीक आवाजात म्हणाले,

"तू बस जरा. मी उभा आहे."

मी तिथेच फरशीवर बसले, यांच्या पायाला टेकून. हे उभेच होते.

तुमची,
वहिनी